मिगच्या शेपटीवरचा मोर

माझ्या हातून झालेलं सर्वांत देखणं विमान माझ्या घरात नाही, आणि ते परत मागायला मला तोंडही नाही. कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, टीव्हीशेजारच्या फळीवर ते उभं असतं. दीड वीत लांब, चंदेरी अंगाचं मिग. शेपटीवर पिसारा फुलवलेला मोर. येणारा-जाणारा त्याचं कौतुक करतो म्हणे. पहिलं कौतुक आबांनी केलं होतं, ज्यांच्यासाठी मी ते केलं त्यांनी, आणि त्या कौतुकावर मी तीन महिने तरंगत होते. आता गेले दोन महिने मी त्या बाजूला फिरकलेले नाही.

मी लोणावळ्यात राहते. तळेगावच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बावीस वर्षं झाली, आणि सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकची लढाऊ विमानं जोडते. ‘मुलांसाठी करता का?’ असं कुणी विचारलं की माझं डोकं सणकतं. मुलं कधीच मोठी झाली आणि त्यांना यात काडीचा रस नव्हता. नवऱ्याने आतल्या खोलीला ‘विमानतळ’ असं नाव ठेवलंय. जेवायला बोलवायचं असलं की तो दारात उभा राहून ‘उतरायला परवानगी आहे का’ असं विचारतो. खोक्यातून चौकटीला लागलेले सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मला त्यातही सणाच्या पोशाखातली विमानं आवडतात. एरवी करडी, अबोल अशी ही यंत्रं, पण हवाई दलाच्या एखाद्या तुकडीचा, म्हणजे स्क्वाड्रनचा, महोत्सव आला की त्यांतलं एक निवडून नटवतात. शेपटीवर वाघ, पाखरू, ज्वाळा, काय वाटेल ते. चार दिवस मिरवायचं आणि मग पुन्हा रोजचा रंग.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्याकडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये छंदिष्ट लोकांचं प्रदर्शन होतं. नाणी, काड्यापेट्या, बोन्साय, आणि कोपऱ्यात माझं टेबल. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा-लेंगा, डोक्याला टोपी, हात धरायला चाळिशीतली लेक. ते मान कलती करून, किल्लीच्या भोकातून बघावं तसे बघत होते. एका विमानाच्या शेपटीपाशी अगदी नाक नेऊन म्हणाले, “ही चित्रं चिकटवल्याली हायत न्हवं?”

मी म्हणाले, हो, यांना डिकल म्हणतात, छापून येतात, पाण्यात भिजवून जागेवर सरकवायची.

“आमी हातानं काडायचो,” ते म्हणाले.

आबा हवाई दलात पेंटर होते. वीस वर्षं त्यांनी विमानांवर नंबर घातले, पट्टे ओढले, ‘इथे पाय देऊ नये’ असल्या सूचना लिहिल्या. एकदाच, स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाला, साहेबाने एका मिगची अख्खी शेपटी त्यांच्या हवाली केली. पाच दिवस शिडीवर उभं राहून त्यांनी ती रंगवली. समारंभ झाला, विमान उडालं, आणि महिन्याभरात तो रंग खरवडून काढला गेला. तळावर कॅमेरा न्यायला बंदी, त्यामुळे त्यांच्याकडे फोटो नाही. ती शेपटी घरच्या कुणी पाहिली नव्हती, गावातल्या कुणी पाहिली नव्हती. आणि आता त्यांना काचबिंदू झाला होता. कडेचं सगळं गेलं होतं, मधोमध रुपयाएवढं दिसायचं. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलंही फार दिवस टिकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“ताई, आसं एक माजं करून द्याल का?” ते म्हणाले. “मला एकदा बघायचंय. मग गेली नजर तर जाऊ दे.”

मला भरून आलं. पण खोटं कशाला सांगू, मोहही झाला. जगात कुणी न केलेलं विमान आपल्या टेबलावर होणार, हा विचार त्याच क्षणी मनात येऊन गेला. मी पेन्सिल काढली.

“शेपटीला मोरं निळं,” आबा सांगायला लागले. “मागं हिरवं. मधी पाखरू, पंख उघडल्यालं. डोळा तांबडा.”

स्टेजवर कुणीतरी माइकवर बक्षिसांची नावं पुकारत होतं. मी हातातल्या पत्रकाच्या मागे लिहिलं : मोर. निळा. मागे हिरवं. पंख उघडलेले. डोळा लाल. आबा आणखी बरंच बोलत होते, शिडीबद्दल, रंगाच्या वासाबद्दल, साहेबाबद्दल. मी मान हलवत होते आणि टेबलाशी आलेल्या दुसऱ्या माणसांकडे बघत होते. होळीपर्यंत देते, असं सांगून मी कागदाची घडी पर्समध्ये टाकली.

होळीला विमान जोडून झालं होतं, अंगाला चंदेरी रंग लागला होता. राहिली होती फक्त शेपटी, म्हणजे दोन रविवारांचं काम. पण मी त्या मोराच्या प्रेमात पडले. आगपेटीएवढी जागा, त्यात एकेक पीस, प्रत्येक पिसाला डोळा, प्रत्येक डोळ्याला तीन रंग. एका बाजूला चौसष्ट डोळे झाले, तर दुसऱ्या बाजूलाही चौसष्टच हवेत असा मी हट्ट धरला. एखादा फसला की पुसून पुन्हा. फोटो काढून विमानवाल्यांच्या ग्रुपवर टाकत गेले आणि पुण्यामुंबईची माणसं वाहवा करत गेली. वाहवा ऐकली की आणखी बारीक काम करावंसं वाटतं, हे ज्यांना छंद आहे त्यांना सांगायला नको.

एप्रिलमध्ये लेकीने आबांना फोन लावून दिला. “ताई, कुटवर आलंय?” मी म्हणाले, होतंय. जूनच्या शेवटी पुन्हा फोन आला. तोवर मोर पुरा झाला होता, राहिलं होतं वरचं वार्निश, आणि लोणावळ्याच्या पावसात वार्निश मारणं म्हणजे कामाचा सत्यानाश. हवेतल्या ओलीनं ते दुधासारखं पांढरं पडतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं, जरा ऐटीतच.

“मग वार्निश नगा मारू,” आबा म्हणाले. “हाय तसं दावा. मी येतो लेकीला घिऊन.”

“अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही, आबा.”

ते म्हणाले, “बरं. तुमचं काम तुमाला ठावं.”

हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. ज्याची नजर महिन्यागणिक आक्रसत होती त्याला मी पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. आणि ते वार्निश तरी त्यांच्यासाठी कुठे होतं? दिवाळीआधी पुण्यात एक स्पर्धा होती आणि विमान मला आधी तिथे मांडायचं होतं. ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं का नाही म्हणून मी दोन दिवस घरात धुसफुसत होते.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी विमान घेऊन त्यांच्या गावी गेले. भाताची कापणी उरकली होती आणि घरात बरीच माणसं जमली होती. मावशींनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, पाटावर नवा रुमाल अंथरून ठेवला होता. आबांनी विमान दोन्ही हातांनी उचललं आणि ओट्यावर उन्हात नेलं. शेपटी डोळ्यापाशी धरून तसूतसूने सरकवत बघितली. आधी एक बाजू, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. इतका वेळ बघत होते की मागची माणसं कुजबुजायला लागली. मी आपली उभी, कौतुकाची वाट बघत.

“लय बारीक काम हाय,” ते शेवटी म्हणाले. “माज्या हातानं आसं झालं नसतं.”

एक शेजारी म्हणाला, “आबा, ह्ये तुमी काडलंतं व्हय? आमाला वाटायचं तुमी नुस्तं नंबर टाकायचा.” आबा हसले. व्हय म्हणाले नाहीत, न्हाई म्हणाले नाहीत. मी पोटभर जेवले, निघताना मावशींनी दिलेली इंद्रायणी तांदळाची पिशवी घेतली आणि गाडीत गाणी लावून घरी आले. नवऱ्याला म्हटलं, आज एका माणसाचं आयुष्य सार्थकी लावलं. हे शब्द मी खरोखर वापरले.

फेब्रुवारीत ग्रुपवर एकाने विचारलं, मोर हे चिन्ह असलेलं स्क्वाड्रन कुठलं? माझ्या माहितीत तर नाही. की मनानंच रंगवलंत? मी भडकले. ज्या माणसाने ती शेपटी रंगवली त्याने स्वतः मला सांगितलंय, असं ठणकावून लिहिलं. मग वाटलं, आबांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करावं आणि या शहाण्याच्या तोंडावर मारावं. म्हणजे त्या घरी मी दुसऱ्यांदा गेले तेही माझ्याच कामासाठी.

दुपारची वेळ होती. आबा आत झोपले होते, मावशी ओट्यावर हरभरा सोलत बसल्या होत्या. मी आबांची चौकशी केली.

“नजर गेली आता,” त्या म्हणाल्या. “संक्रांतीपास्नं उजेड-आंधार तेवडा कळतो.”

मी हळहळले. मग जरा वेळाने, शोभेल इतका वेळ थांबून, मुद्द्यावर आले. म्हटलं, मावशी, आबांना त्या विमानावर मोर काढायचं कसं सुचलं?

“मोर?” मावशींनी हात थांबवला. “त्यांनी मोर कंदी काडला? घार हुती ती. चिरल्याल्या शेपटाची. ल्हानपनी डोंगराला गुरं राखायचं तवा रोज बघायचं. साहेब म्हनला गरुड काड, तर ह्यांनी घार काडली. लगीन झाल्यापास्नं ऐकत आल्येय मी. शेपटीला मोरं निळं, मागं हिरवं, मधी घार.”

मोरं म्हणजे पुढे. शेपटीचा पुढचा भाग निळा, मागचा हिरवा. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण माझी आई शेवटपर्यंत ‘मोरं’च म्हणायची. आमचं मूळ गाव इंदुरीच्या पलीकडचं. मी चौथीत असताना आम्ही तळेगावात राहायला आलो. नव्या शाळेत रांगेत उभं असताना मी एकीला म्हटलं, “तू मोरं जा,” तर ती इकडेतिकडे बघत म्हणाली, “कुठाय मोर?” अख्खी रांग हसली. त्या दिवसापासून मी ‘मोरं’ टाकलं, ‘हितं’ टाकलं, ‘लय’ टाकलं. मैत्रिणी घरी आल्या आणि आई त्यांना ‘वाईच मोरं सरका’ म्हणाली की मी तिच्यावर डोळे वटारायचे. आणि चाळीस वर्षांनी एक म्हातारा माणूस माझ्या आईच्या बोलीत माझ्याशी बोलला, तर मला त्यात मोर ऐकू आला. त्या मुलीने निदान मुद्दाम ऐकला होता.

बरं, कारखान्यात कुणी फोनवर माप सांगितलं तर ते परत वाचून दाखवल्याशिवाय मी पेन्सिल खाली ठेवत नाही. नवीन येणाऱ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवते, आणि न ऐकणाऱ्याला फैलावर घेते. आबांना मी लिहून घेतलेले चार शब्द परत वाचून दाखवले नाहीत. गावाकडचे म्हातारे, सांगून सांगून काय वेगळं सांगणार, असं कुठेतरी मनात होतं. ते होतंच, आता नाकारण्यात अर्थ नाही.

“मग आबा मला काही बोलले का नाहीत?” मी विचारलं.

मावशी पुन्हा सोलायला लागल्या. “तुमी गेल्याव मी म्हनलं त्यांना, आवो ह्यो तर मोर हाय. तर म्हनले, बाईनं डोळं फोडून केलंय, येवडी आनंदात हुती, कशाला तिचं मन मोडायचं.”

म्हणजे उरलेली रुपयाभर नजर त्यांनी माझ्या एकशे अठ्ठावीस डोळ्यांवर घालवली, आणि वर माझं मन जपलं. मला ओट्यावर बसवेना. मावशींनी केलेला चहा जीभ पोळेल असा घाईघाईने प्यायले, आबांना उठवू नका म्हणाले आणि निघाले. खरं तर उठवायला हवं होतं. माफी त्याच दिवशी मागायला हवी होती. ग्रुपवरच्या माणसाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

दुसरं विमान केलं. तसलंच एक खोकं घरात पडलेलं होतं. रजा टाकली आणि नऊ दिवसांत पुरं केलं. ज्याला मी दहा महिने लावले ते काम नऊ दिवसांचं होतं, हेही त्यात सिद्ध झालं. पुढे निळं, मागे हिरवं, मधे घार. घारी आमच्या गच्चीवरून रोज दिसतात. त्यांची शेपटी मधे चिरलेली असते हे मी या वयात पहिल्यांदा नीट पाहिलं. बारीक ब्रशने एकेक पंख ओढला. सुकल्यावर वार्निश, मग पाण्यातल्या पॉलिश पेपरने घासणं, पुन्हा वार्निश, पुन्हा घासणं. रंगाची कड नावालाही उरली नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतात, त्यांना डोकं लागत नाही.

ते घेऊन गेले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते, मावशी शेजारी. मी वाटेत घोकलेली माफी मागितली. काही लपवलं नाही. मोरं आणि मोर सांगितलं, शाळेतली रांग सांगितली, स्पर्धा सांगितली. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “आसू द्या, ताई. आमच्या साहेबाला बी माजं बोलनं कळायचं न्हाई.”

मी म्हणाले, “दुसरं आणलंय. घारीचं.”

आबा ताठ बसले. “शेपूट चिरल्यालं काडलं का तिचं?”

“काढलंय.”

“द्या हिकडं.”

मी विमान त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी आधी नाक चाचपलं, मग पंख, मग वैमानिकाची काच. ओळखीच्या जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा हात मागे मागे नेत शेपटीवर आणला. अंगठा निळ्यावरून हिरव्याकडे गेला. परत आला. जरा वर जाऊन पुन्हा गेला. मग हळू झाला, आणि शेपटीच्या कडेवरून निसटून हवेत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी घासून घासून गुळगुळीत केलं होतं. घार काय आणि मोर काय, तिथे बोटाला लागण्यासारखं काही नव्हतंच. पुट्टीचा एक थर उठावाचा दिला असता, टाचणीने पंखांच्या रेघा कोरल्या असत्या, तर पंख न पंख लागला असता. ते सगळं माझ्या टेबलावर हाताशी होतं. पण हे ज्याच्यासाठी करतोय त्याला दिसत नाही, एवढं नऊ दिवसांत मला एकदाही सुचलं नाही.

“व्हय,” आबा म्हणाले. “लागतीया हाताला. झ्याक झालीया घार.”

आबा, तिथे काही लागत नाहीये, मला आणखी चार दिवस द्या, हाताला लागेल अशी करून आणते. एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, “तुम्हाला आवडली ना, मग झालं.”

गाडीत बसल्यावर मी स्वतःची समजूत घातली की आपण म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं. कामशेतच्या बाजारापर्यंत ती समजूत टिकली. तिथे गर्दीत गाडी अडकली, आणि मला कळलं की मी त्यांचं काहीही राखलं नव्हतं. मला फक्त त्या ओट्यावरून उठायचं होतं.